जोडले गेलो, पण कोणाशी?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्यापैकी मोठ्या फाउंड्रीत हल्ली दोन यंत्रे हमखास आढळतात. एक इंडक्शन फर्नेस आणि दुसरे प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे आतल्या संगणकांच्या वतीने बाहेरच्या इंटरनेटशी बोलणारा मध्यस्थ. पहिल्यात चौदाशे-पंधराशे अंशांवर लोखंडाचा रस तयार होतो. दुसऱ्यापाशी माझ्यासारख्याच्या मेंदूचा रस होण्यास खोलीचे साधारण तापमान पुरते.

काम सांगायला अगदी साधे होते. फर्नेसचे तापमान, विजेचा वापर आणि प्रत्येक हीट, म्हणजे लोखंड वितळवण्याची एकेक खेप, किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपली, हे मालकांना राजारामपुरीतल्या घरी बसून मोबाइलवर दिसावे, यासाठी एक प्रोग्राम लिहायचा होता. हा प्रोग्राम एकाच वेळी फर्नेसच्या पॅनेलकडे, तापमापकांकडे, कामगारांनी दाबायच्या बटणांकडे आणि दूरच्या सर्व्हरकडे लक्ष ठेवणार असल्यामुळे तो इव्हेंट-ड्रिव्हन पद्धतीने लिहिणे ओघानेच आले. या पद्धतीत एकच लूप अखंड फिरत राहतो, जिथे काही घडले असेल तिथले काम उरकतो आणि पुढे सरकतो; कोणाचीही वाट पाहत उभे राहायचे नाही, हा तिथला पहिला आणि कडक नियम. एका सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार ग्राहक कसे सांभाळावेत, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ साली मांडला आणि तेव्हापासून या पद्धतीची प्रतिष्ठा वाढत गेली. आमच्याकडे ग्राहक एकच होता आणि तो मालक होता. पण एक मालक दहा हजारांना भारी असतो.

थेट जोडणी असती तर हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती. सॉकेट, म्हणजे जोडणीचे आपल्याकडचे टोक, उघडून ‘जोड’ असे सांगायचे, ‘काम चालू आहे’ एवढा निरोप घेऊन लूपने दुसरीकडे वळायचे, सॉकेट लिहिण्याजोगे झाल्याचा इव्हेंट आला की त्रुटी तर नाही ना एवढे विचारून घ्यायचे आणि बोलायला लागायचे. प्रॉक्सी मध्ये आला की या एका ओळीचे पुराण होते. आधी प्रॉक्सीपर्यंत जोडणी करायची. मग त्याला ‘कनेक्ट’ असा हुकूम, पलीकडच्या सर्व्हरचे नाव आणि पोर्ट, म्हणजे त्याच्यावरच्या दाराचा क्रमांक, लिहून पाठवायचे. तो पलीकडे जाऊन येईपर्यंत थांबायचे. त्याने ‘जमले’ अशा अर्थाचा २०० हा आकडा उच्चारला की त्याच वाटेने पलीकडच्या सर्व्हरशी टीएलएसची, म्हणजे प्रमाणपत्र तपासून बोलणे गुप्त करण्याची, ओळखपरेड उरकायची, आणि त्यानंतर पहिला शब्द. प्रॉक्सी म्हणजे निव्वळ टप्प्याटप्प्याने वाट पाहणे, आणि माझ्या प्रोग्रामला वाट पाहण्याची बंदी. त्यामुळे प्रत्येक टप्प्याची वेगळी अवस्था, वेगळा कॉलबॅक (घटना घडली की बोलावले जाणारे फंक्शन) आणि वेगळा टाइमर असा संसार मांडावा लागतो.

यात सर्वांत तापदायक प्राणी म्हणजे जोडणीचे काम करून देणारी, तयार मिळणारी कोडची लायब्ररी. प्रॉक्सीने नुसता फोन उचलला, तरी ती लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, ‘कनेक्टेड’ असे ठळक अक्षरांत लिहून मोकळी होते. मध्यस्थाने दार उघडून पाणी विचारले, एवढ्यावरून सोयरीक जमली असे गावभर सांगत सुटणाऱ्या वरपित्यात आणि हिच्यात काडीचाही फरक नाही. फर्नेसवरचे मामा दर फेरीला माझ्या टेबलाशी थांबून विचारीत, “काय वो सर, लागलं का न्हाई नेट?”

“लागलंय, मामा. लॉगमध्ये कनेक्टेड दिसतंय.”

“मग मालकाच्या मोबाइलवर का दिसंना झालंय?”

या प्रश्नाला संगणकशास्त्रात पुष्कळ उत्तरे आहेत, पण हातात लांब दांड्याची पळी धरून उभ्या असलेल्या माणसाला त्यांपैकी एकही देता येत नाही.

पहिले उत्तर ४०७ हे होते. ‘आधी ओळख पटवा’ असे सांगण्यासाठी प्रॉक्सी हा आकडा परत करतो. फाउंड्रीतली सिस्टिम सांभाळणाऱ्या दादांनी नवे खाते उघडण्याऐवजी काटकसर म्हणून अकाउंट्स विभागाचेच खाते मला दिले होते आणि त्याच्या पासवर्डमध्ये ‘अ‍ॅट’चे चिन्ह होते. प्रॉक्सीचा पत्ता ज्या पद्धतीने लिहितात तिच्यात पासवर्ड संपून यंत्राचे नाव सुरू होते तिथेही नेमके हेच चिन्ह असते, त्यामुळे कोणी पहिल्या ‘अ‍ॅट’वर तोडतो, कोणी शेवटच्या. ते चिन्ह काढून तिथे टक्क्याचे चिन्ह आणि ४० असे लिहिले की तंटा मिटतो. पुढे हा पासवर्ड बेस-६४ च्या वेशात प्रॉक्सीकडे जातो, तो वेश कोणालाही क्षणात उतरवता येतो, हे दादांना सांगितल्यावर ते म्हणाले, “आपल्या फॅक्टरीत कोण बघतंय, सर?” महिनाअखेरीस धोरणानुसार तो पासवर्ड बदलला गेला आणि ते मला कोणी कळवले नाही. इव्हेंट-ड्रिव्हन प्रोग्रामचा वेग हा त्याचा मोठा गुण आहे. लायब्ररीच्या ‘स्वतःहून पुन्हा जोडून देण्याच्या’ सौजन्यामुळे त्याने जुना पासवर्ड इतक्या झपाट्याने पुन्हा पुन्हा सादर केला, की खाते कुलूपबंद झाले आणि जीएसटीचे विवरणपत्र भरत बसलेल्या अख्ख्या अकाउंट्स विभागाचे इंटरनेट गेले. तेव्हापासून प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर दुप्पट वेळ थांबायचे, त्यात थोडी यादृच्छिक भर घालायची, आणि ४०७ आला तर मुळीच पुन्हा प्रयत्न न करता माणसाला हाक मारायची, अशी व्यवस्था प्रोग्राममध्ये नांदत आहे. अकाउंट्समधल्या वहिनी मात्र अजून माझ्या नमस्काराला मान हलवूनच उत्तर देतात.

ओळख पटली, तर ‘परवानगी नाही’ असा ४०३ आला. आम्ही तापमान पाठवण्यासाठी एमक्यूटीटी वापरत होतो. तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी त्याच १९९९ साली जन्मलेला हा काटकसरी प्रोटोकॉल टीएलएससह ८८८३ या पोर्टवर बोलतो. दादांचा प्रॉक्सी म्हणजे स्क्विड नावाचा प्रोग्राम, ३१२८ या आपल्या वडिलोपार्जित पोर्टवर बसलेला. आणि स्क्विडच्या मूळ संरचनेत ‘कनेक्ट’ची परवानगी फक्त ४४३ ला, म्हणजे सुरक्षित वेबच्या पोर्टला, असते. एक ओळ वाढवण्याची विनंती केल्यावर दादांनी ती फाइल उघडली, बराच वेळ तिच्याकडे आदराने पाहिले आणि पुन्हा बंद केली. ती त्यांच्या आधीच्या माणसाने लिहिलेली होती आणि तिला हात लावल्यास काय होईल हे त्यांना सांगता येईना. मग एमक्यूटीटीला वेबसॉकेट या वेबवरच्या दुतर्फा वाटेत घालून ४४३ वरून नेणे भाग पडले. म्हणजे आता प्रॉक्सीशी टीसीपीची साधी जोडणी, त्यावर कनेक्टचा हुकूम, त्यावर टीएलएस, त्यावर वेबसॉकेटचा नमस्कार आणि त्यावर एमक्यूटीटीचे स्वतःचे ‘कनेक्ट’ नावाचे पाकीट. एवढ्या थरांनंतर ‘फर्नेस क्रमांक दोन, १४२० अंश’ हा मजकूर निघतो आणि प्रत्येक थर आपापल्या परीने ‘कनेक्टेड’ असे जाहीर करतो. मामांना मी शेवटच्या थराची पोच आल्याखेरीज काही सांगायचे नाही असे ठरवले.

नावाचा पत्ता शोधण्याचे प्रकरण तर स्वतंत्र प्रकरणाच्या लायकीचे आहे. सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता काढणारे जे जुने फंक्शन आहे, ते उत्तर मिळेपर्यंत हलत नाही. त्यामुळे इव्हेंट लूपवाले त्याला गुपचूप वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्यात, नेऊन बसवतात. नोडमध्ये (जावास्क्रिप्टचे प्रोग्राम चालवणाऱ्या व्यवस्थेत) अशा कामांसाठी मुळात चारच थ्रेड असतात, आणि त्यांतले निम्मेच एका वेळी नावे शोधण्याच्या वाट्याला येतात. फाउंड्रीच्या आतल्या नेटवर्कवरच्या नावे शोधणाऱ्या सर्व्हरला बाहेरच्या जगाची गंधवार्ताही नव्हती. बाहेरची नावे प्रॉक्सीनेच शोधायची, असा तिथला रिवाज. लिनक्स अशा वेळी पाच सेकंद वाट पाहतो, आणि समाधान न झाल्यास आणखी एकदा पाहतो. वेगवेगळ्या कोपऱ्यांतून एकदम चार चौकश्या सुटल्या की वाट्याचे दोन्ही थ्रेड त्या मुक्या सर्व्हरच्या दारात धरणे धरून बसत, उरलेल्या चौकश्या त्यांच्या मागे रांगेत अडकत, आणि वरचा लूप मात्र अत्यंत चपळाईने काहीच न करता फिरत राही. उपाय असा, की नाव स्वतः शोधायचेच नाही. कनेक्टच्या हुकुमात ते जसेच्या तसे प्रॉक्सीच्या हवाली करायचे. हे साधे ज्ञान किती लायब्ऱ्यांना नसते, हे पाहून मन विषण्ण होते.

पायथन भाषेच्या असिंकआयओ या इव्हेंट लूपच्या लायब्ररीतही अडचण तीच, रूप वेगळे. जोडणी करून देणाऱ्या त्याच्या मूळ फंक्शनला प्रॉक्सी हा प्रकार ठाऊकच नाही. आपण स्वतः सॉकेट प्रॉक्सीला जोडायचे, हुकूम पाठवायचा, उत्तर वाचायचे आणि मग ते तापवलेले सॉकेट त्या फंक्शनच्या ओंजळीत ठेवायचे. त्या वेळी पलीकडच्या सर्व्हरचे नाव वेगळे सांगितले नाही, तर ते टीएलएस करण्यास साफ नकार देते; आणि त्याचा हा हट्ट रास्तच आहे, कारण प्रमाणपत्र तपासायचे ते पलीकडच्याचे, मधल्याचे नव्हे.

उत्तर वाचण्यातही मेख आहे. टीसीपी हा प्रवाह आहे. प्रॉक्सीने एका दमात पाठवलेले ‘२००’ आपल्याकडे दोन तुकड्यांत येऊ शकते. मोकळी ओळ येईपर्यंत तुकडे साठवत राहणे, एवढे सगळ्यांना समजते. त्याच्या उलट प्रकार मात्र फार थोड्यांना सुचतो: मोकळ्या ओळीच्या मागोमाग पलीकडच्या सर्व्हरचे पहिले बाइट्सही त्याच घासात येऊ शकतात. टीएलएसमध्ये आधी आपण बोलायचे असते म्हणून हे सहसा निभावते. पण एसएसएच (दूरच्या यंत्रात शिरण्याचा प्रोटोकॉल) किंवा एसएमटीपी (ईमेल पाठवण्याचा) यांसारख्या ठिकाणी पलीकडचा पाहुणा आधी बोलतो. त्याचे स्वागताचे वाक्य प्रॉक्सीच्या उत्तराबरोबर बफरमध्ये गिळले गेले, तर दोन्ही बाजू एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात आणि लॉग मात्र ‘कनेक्टेड’ म्हणत राहतो. उरलेले बाइट्स पुढच्या अवस्थेच्या हाती सुखरूप देणे हे या सगळ्या कामातले खरे कसब आहे, आणि कोणत्याही मालकाला ते मोबाइलवर दिसत नाही.

किरकोळ पीडा सांगत बसत नाही. फायरवॉल मध्येच स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करतो, तेव्हा तपासणीच बंद करण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात; त्यांचे ऐकू नये, फाउंड्रीचे मूळ प्रमाणपत्र मागून घ्यावे. तसेच, कोणासाठी प्रॉक्सी वापरायचा नाही याची यादी नीट भरावी; अन्यथा वीस फुटांवरच्या पॅनेलला विचारलेले तापमानही आधी ऑफिसातल्या प्रॉक्सीकडे जाते आणि तो ‘असा कोणी आपल्याकडे राहत नाही’ असे कळवतो. या यादीत काही प्रोग्रामना आयपी पत्त्यांचा पट्टा समजतो, काहींना एकेक पत्ता सुटा लिहून द्यावा लागतो. मूक जोडण्यांचे मात्र लक्षात ठेवावे. पाळी संपून फर्नेस थंड झाली की पाठवायला काही उरत नाही, आणि मधले कोणीतरी ती नळी विसरून जाते. निरोपही देत नाही. एमक्यूटीटीत ठरलेल्या वेळेत आपण हूं की चूं केले नाही, तर दीडपट वेळानंतर सर्व्हर आपल्याला मृत समजतो. ही वेळ प्रॉक्सीच्या सहनशक्तीपेक्षा कमी ठेवली की पहाटेची पहिली हीट गहाळ होत नाही.

अखेर मालकांच्या मोबाइलवर आकडे उमटले. त्यांनी ते समाधानाने पाहिले आणि गोकुळ शिरगावच्या दुसऱ्या युनिटलाही हेच बसवा असे सांगितले. तिथला प्रॉक्सी सॉक्स या वेगळ्याच प्रोटोकॉलचा निघाला. त्याची पाचवी आवृत्ती १९९६ सालच्या आरएफसी १९२८ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात नीट लिहून ठेवलेली आहे, आणि ती अक्षरांऐवजी सुट्या बाइट्समध्ये बोलते: आधी आपण पाच, एक, शून्य असे म्हणायचे, त्याने पाच, शून्य म्हटले की पत्ता सांगायचा, आणि त्याच्या उत्तराची लांबी किती, हे उत्तराचे पहिले काही बाइट्स वाचल्याखेरीज कळत नाही. चौथ्या आवृत्तीत तर यंत्राचे नाव देताच येत नाही, आयपी पत्ताच द्यावा लागतो. म्हणजे नावे शोधण्याचे ते धरणे आंदोलन पुन्हा सुरू. म्हणून मी तिथल्या सिस्टिमवाल्यांना फोन करून आवृत्ती चौथी की पाचवी, एवढेच विचारले.

“दोन्ही लावून बघा की सर,” ते म्हणाले, “लागंल ते आपलं.”