जोडा हो, अजून एक अॅप जोडा

नवीन टीम झाली, ऑफिसच्या गप्पांच्या स्लॅक नावाच्या अॅपवर वर्कस्पेस उघडलं, आठ दिवस झाले आणि अजून चॅनलवर नुसती माणसंच बोलतायत? अहो, जरा लाज वाटू द्या. माणसं काय, वडापावच्या गाडीवर पण बोलतात. तेव्हा आजच अॅप्सवर क्लिक करा आणि दिसेल ते जोडत सुटा.

कामं नोंदवणारं जिरा, कोड ठेवणारं गिटहब, गूगल कॅलेंडर ही घरचीच मंडळी, त्यांना विचारायचं नसतं. मग बॉट, म्हणजे आपोआप मेसेज टाकणारे प्रोग्राम: पोल घेणारा एक बॉट, वाढदिवस लक्षात ठेवणारा एक बॉट, आणि रोज सकाळी दहाला 'काल काय केलं, आज काय करणार, काही अडलंय का' असं विचारणारा एक बॉट. या शेवटच्याचं टेन्शन घेऊ नका, आमच्याकडे एक जण गेल्या दिवाळीपासून 'कालचंच चालू आहे' एवढंच पेस्ट करतोय आणि बॉट रोज त्याचे आभार मानतो. फुकटच्या प्लॅनवर १० अॅपचीच मर्यादा असते, ती आडवी आली तर मॅनेजरला म्हणा प्रॉडक्टिव्हिटीसाठी पैसे लागतील. भरतात. चहाचं मशीन दुरुस्त करायला सहा महिने लागतात पण प्रॉडक्टिव्हिटी म्हटलं की लगेच भरतात.

अॅप जोडताना मधे एक पान येतं, हे अॅप अमुक वाचू शकेल, तमुक लिहू शकेल, सगळ्यांचे ईमेल बघू शकेल वगैरे. ते वाचायचं नाही. खाली हिरवं 'अलाउ' असतं तिथे डोळे मिटून दाबायचं. आता कँटीनमध्ये आज काय भाजी आहे एवढं सांगणाऱ्या बॉटला चॅनलवरचे जुने मेसेज वाचायची परवानगी कशाला लागते, असले प्रश्न संशयी माणसांना पडतात. दूधवाल्याला किल्ली दिलीच आहे तर कपाटाचीही देऊन टाका, बिचारा दोनदा कशाला येईल.

आणि मेसेज पाठवताना लॉगिनचीही कटकट नको असेल तर इनकमिंग वेबहुक! एक लांबलचक यूआरएल मिळते, तिच्यावर जेसन नावाच्या साच्यातला छोटासा मजकूर पाठवला की मेसेज थेट चॅनलवर. पासवर्ड नाही, लॉगिन नाही, ज्याच्या हातात यूआरएल तो लिहू शकतो. म्हणून ती कोडमध्येच चिकटवा आणि कोड गिटहबवर सगळ्यांना बघायला मोकळा ठेवा, ज्ञान वाटल्यानं वाढतं. फक्त सेकंदाला साधारण एकच मेसेज जातो, म्हणजे तासाला जेमतेम ३६००. पुरवून वापरा.

हे जमलं की स्वतःची स्लॅश कमांड, म्हणजे '/' नं सुरू होणारी आज्ञा, बनवा. आम्ही रजेची बनवलीये. आधी काय व्हायचं, खुर्ची मागे सरकवून 'मॅडम माझ्या किती उरल्या' विचारलं की एचआरच्या मॅडम मान वर न करता 'चार' म्हणायच्या. किती मागासलेपणा. आता कमांड टाइप करायची, मग स्लॅक आमच्या सर्व्हरला विचारतं, सर्व्हर म्हणजे कुणाच्या तरी टेबलाखालचा जुना लॅपटॉप, आणि ३ सेकंदात उत्तर आलं नाही की टाइमआउट. लॅपटॉपला जागं व्हायलाच पाच लागतात. मग आम्ही खुर्ची मागे सरकवून मॅडमना विचारतो. मॅडम म्हणतात, कमांड वापरा.

पण खरी मजा ऑटोमेशनमध्ये आहे बरं का. मेसेजवर ठराविक इमोजी टाकला की आपोआप तिकीट, म्हणजे कुणीतरी करायच्या कामाची नोंद, तयार, अशी सोय आमच्याकडे कुणा हुशार माणसानं केली, आणि इमोजी कोणता निवडला? हात जोडलेला. त्याच्या डोक्यात 'प्लीज करा' असं असणार. तर एका मंगळवारी टीममधल्या एका मुलीनं लिहिलं, 'आज पहाटे आजी गेली, गावी निघालेय, दोन दिवस नसेन.' पुढचं काय सांगू. १४ जणांनी हात जोडले, आणि रिअॅक्शनचा इव्हेंट माणसागणिक वेगळा जातो, म्हणजे १४ तिकिटं. शीर्षक 'आज पहाटे आजी गेली', प्रायोरिटी मीडियम, असायनी, म्हणजे काम करणारी, ती स्वतःच. एसटीत बसल्या बसल्या तिच्या फोनवर १४ नोटिफिकेशन. एक तिकीट पुढच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या पुढच्या हप्त्यात, ढकललं गेलं, आणि एक टेस्टिंगवाल्या पोरानं न वाचता 'रिप्रोड्यूस होत नाही', म्हणजे चूक परत घडवून दाखवता येत नाही, असं लिहून बंद केलं. ती परत आल्यावर कुणी काही बोललं नाही. वाढदिवसाच्या बॉटनं मात्र तिला केक पाठवला, त्याच्याकडे तारीख चुकीची होती.

ते ऑटोमेशन अजून चालू आहे, कारण ते बसवलं कुणी हेच कुणाला माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, या सगळ्यात काम कधी करायचं. अहो, स्लॅकचा जन्म कसा झाला बघा ना. टायनी स्पेक नावाची कंपनी ग्लिच नावाचा ऑनलाइन गेम बनवत होती. गेम २०१२ मध्ये बंद पडला, पण तो बनवताना आपापसात बोलायला जे टूल केलं होतं ते २०१४ मध्ये स्लॅक म्हणून बाजारात आलं आणि २०२१ मध्ये सेल्सफोर्सनं २७ अब्ज डॉलरच्या वर मोजून घेतलं. काम बुडालं, कामाबद्दलच्या गप्पा तरल्या. यापेक्षा स्वच्छ दृष्टांत ज्ञानेश्वरीत शोधायला लागेल.

आता शेवटची युक्ती, ही फार कामाची. महत्त्वाचं इंटिग्रेशन, म्हणजे अशी जोडणी, कधीही बॉटच्या टोकनवर, म्हणजे त्याच्या डिजिटल किल्लीवर, चालवू नका, एखाद्या माणसाच्या स्वतःच्या टोकनवर चालवा. आमचा रात्रीच्या बॅकअपचा मेसेज असाच एका सीनियरच्या नावानं यायचा. त्यानं पेपर टाकला, नोटीस पिरियड संपला, पेढे वाटले, अकाउंट बंद झालं आणि त्याबरोबर टोकनही गेलं. मेसेज बंद. कुणाला कळलं नाही, कारण ते चॅनल सगळ्यांनी म्यूट करून ठेवलं होतं, रोज रोज तेच कोण वाचणार. पाच आठवड्यांनी एका क्लायंटला जुनी फाइल हवी झाली तेव्हा समजलं की मेसेजच नव्हे, बॅकअपही बंद आहे. मेसेज गेला नाही की आमची स्क्रिप्ट तिथेच थांबायची.

मीटिंग झाली. चॅनल कधी गप्प पडलं हे आपल्याला कळलं पाहिजे असं ठरलं, आणि त्यासाठी अर्थातच एक नवीन बॉट जोडला. आता दर अर्ध्या तासानं तो तिथे लिहितो, 'या चॅनलवर ३० मिनिटांत एकही मेसेज आलेला नाही.' परवा त्यावर कुणीतरी हात जोडले. तिकीट माझ्या नावावर आलंय.