फाकुंदो किरोगा नुसता रानटी होता?

अर्जेंटिनाच्या यादवी युद्धांचा विषय निघाला की एक दावा हमखास कानावर येतो: ला रियोखा प्रांताचा सेनानी फाकुंदो किरोगा हा अडाणी, रक्ताला चटावलेला गुराखी होता, राज्यघटनेचा वैरी होता आणि शेवटी त्याच्याच संघराज्यवादी (प्रांतांना स्वायत्तता मागणाऱ्या) गोटातल्या, बुएनोस आयरेस प्रांताच्या रोसासने त्याचा काटा काढला. चारही गोष्टी एका दमात सांगितल्या जातात, म्हणून एकेक सुटी करून पाहू.

अडाणी गुराखी? १७८८ साली तो जन्मला तो जमीनजुमला असलेल्या घरात. लोस यानोस भागातल्या फौजेचा तो कमांडर. १८२३ मध्ये गव्हर्नर झाला, काही महिन्यांतच पायउतार झाला. पण पुढे खुर्चीवर कोणीही असो, प्रांतात शब्द चाले तो किरोगाचाच. फामातिनाच्या चांदीच्या खाणींत त्याचा पैसा होता आणि त्याच खाणींवर केंद्रवादी (सत्ता राजधानीत एकवटू पाहणाऱ्या) पक्षाचा नेता रिवादाविया व लंडनचे भांडवलदार यांचा डोळा होता. त्याच्या काळ्या झेंड्यावर ‘धर्म किंवा मृत्यू’ असं लिहिलेलं असे. त्यामागे खाणीचा हिशोबही होता, हे त्याच्या भक्तांनाही सांगायला हवं.

क्रूर? होताच. १८३१ मध्ये तुकुमानजवळची सिउदादेलाची लढाई जिंकल्यावर त्याने पकडलेल्या अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या. फक्त, स्वतःला सुसंस्कृत म्हणवणाऱ्या केंद्रवादी पक्षाचा सेनानी लावाये यानेही १८२८ मध्ये बुएनोस आयरेसचा संघराज्यवादी गव्हर्नर दोरेगो याला खटल्याशिवाय गोळ्या घातल्या होत्या.

घटनेचा मुद्दा सर्वांत फसवा. १८२६ ची केंद्रवादी घटना घेऊन आलेल्या दूताचं पाकीट त्याने न फोडताच परत पाठवलं, हे खरं. पण १८३२ मध्ये तोच रोसासला लिहितो की आपण मनाने केंद्रवादीच. लोकांचा कौल संघराज्याला आहे म्हणून त्या बाजूने लढतो. आणि १८३४ च्या डिसेंबरात रोसास त्याला लांबलचक पत्र लिहून पटवतो की देशाला घटना देण्याची वेळ अजून आलेली नाही. ज्याला घटना नकोच होती, त्याची एवढी मनधरणी कशाला?

साल्ता आणि तुकुमान या प्रांतांचं भांडण मिटवायला तो निघाला, त्या प्रवासात हे पत्र त्याच्याबरोबर होतं. संधिवाताने बेजार, घोडागाडीतून प्रवास. दबा धरल्याच्या खबरा मिळूनही परतताना त्याने कोर्दोबाचाच रस्ता धरला आणि १६ फेब्रुवारी १८३५ रोजी बार्रांका याको इथे सांतोस पेरेसच्या टोळीने त्याला ठार केलं. सोबतचा सचिव ओर्तिसही वाचला नाही. खटल्यात दोषी ठरले कोर्दोबाचे रेनाफे बंधू. १८३७ मध्ये त्यांच्यातल्या दोघांना पेरेसबरोबर देहदंड झाला. रोसासच्या हुकमाचा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. या खुनाचा फायदा त्याला झाला, तो मात्र भरपूर: काही आठवड्यांतच सगळी सत्ता त्याच्या हाती आली.

मग रानटी किरोगा आला कुठून? मुख्यतः सार्मियेंतोच्या १८४५ च्या ‘फाकुंदो’ या पुस्तकातून. लेखक किरोगाविरुद्धच्या केंद्रवादी पक्षाकडून लढलेला, चिलीत परागंदा, आणि नेम रोसासवर धरलेला. त्याच वर्षी त्याने पुस्तकाची प्रत जनरल पासला पाठवली. रणांगणात किरोगाला दोनदा धूळ चारणारा हाच तो पास. सोबतच्या पत्रात सार्मियेंतो स्वतःच कबूल करतो की पुस्तक घाईत लिहिलेलं आहे, त्यात चुका आहेत, आणि काही जाणूनबुजून केलेल्या आहेत.