४० अंश हवेचे, बॅटरीचे नव्हेत

ड्रोनवरच्या एका लेखात 'बॅटरी ४० अंशांवर गेली की ड्रोन लगेच उतरवा' असं लिहिलंय, तिथे जरा गल्लत झालीये. बहुतेक छोट्या ड्रोनच्या माहितीपत्रकात उणे १० ते ४० अंश असतं ते बाहेरच्या हवेचं तापमान. उडताना आतली बॅटरी त्याहून बरीच तापते. मी जळगावात लग्नाचं शूटिंग करतो. मे महिन्यात ड्रोनच्या अॅपवर बॅटरीचा ५०-५२ अंश आकडा नेहमी दिसतो. साठच्या जवळ जायला लागला की मात्र मी लगेच उतरवतो, नवरदेव घोड्यावर असला तरी!

ड्रोन एकाच जागी तरंगत ठेवला की बॅटरीवर ताण जास्त पडतो, हळू पुढे सरकत राहिलं तर कमी.

माझी एक बॅटरी मात्र उडताना नाही, गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात राहून फुगली. पुरीसारखी टम्म. चूक माझीच. आणि उतरवल्या उतरवल्या चार्जिंगला लावू नका, आधी सावलीत हाताला गार लागू द्या. आमचा एक पोरगा तापलेली बॅटरी आइसबॉक्समध्ये ठेवायला निघाला होता. आत दव धरलं असतं म्हणजे संपलंच.