ट्रॅक हवाच, पण तो चालवणार कोण?

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि वेगाविषयीचा आपल्याकडचा जुना वाद पुन्हा पेटला. एक बाजू म्हणते, की एवढ्या ताकदीच्या गाड्या आपल्या रस्त्यांवर हव्यातच कशाला. दुसरी बाजू म्हणते, की वेगाची हौस बंदीने मरत नाही. तिला हक्काची जागा द्या, ठिकठिकाणी ट्रॅक बांधा, म्हणजे रात्री-अपरात्री उड्डाणपुलांवर आणि द्रुतगती मार्गांवर रंगणाऱ्या शर्यती कमी होतील. मी इंग्लंडमध्ये राहते, स्वतःची गाडी घेऊन इथल्या ट्रॅक डेंना जाते आणि घरच्यांशी, मित्रमंडळींशी बोलताना दुसऱ्या बाजूने हिरिरीने भांडते. तरीही या बाजूच्या मांडणीत एक गोष्ट कायम राहून जाते. ट्रॅक बांधला की प्रश्न सुटला, असे तिने गृहीत धरले आहे. त्या ट्रॅकवरचा दिवस कोण चालवणार आणि कसा, हे फारसे कोणी विचारत नाही.

ज्यांना ही कल्पना नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. एखादा आयोजक दिवसभरासाठी सर्किट भाड्याने घेतो, हौशी लोक शुल्क भरून आपापल्या गाड्या किंवा मोटरसायकली आणतात, आणि जिथे समोरून वाहन येण्याची, कोणी आडवे जाण्याची धास्ती नाही अशा रस्त्यावर स्वतःची आणि गाडीची मर्यादा ओळखायला शिकतात. तिथे क्रमांक नसतात, चषक नसतो, आणि चांगल्या आयोजकाकडे लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची, वेळ मोजायलाही मनाई असते. ही मनाई मला फार महत्त्वाची वाटते, कारण घड्याळ सुरू झाले की पुढची गाडी अडथळा वाटू लागते आणि जो माणूस शिकायला आला होता तो जिंकायला निघतो.

भारतात ट्रॅक नाहीत असे नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचे सर्किट आहे, कोइम्बतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे, आणि ग्रेटर नोएडात ५.१२५ किलोमीटरचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची इंडियन ग्रां प्री झाली. महाराष्ट्रातले हौशी चालक लांबचा प्रवास करून या ठिकाणी जात आले आहेत. मागणी वाढेल तसे आयोजकही वाढतील, आणि सर्किट भाड्याने घेणे, छायाचित्रकार बोलावणे, आकर्षक जाहिरात करणे एवढ्यावर दिवस उभा करणारेही त्यांत असतील. म्हणूनच हा प्रश्न ट्रॅक बांधून झाल्यावर नव्हे, आताच विचारायला हवा.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या याच सर्किटवर राष्ट्रीय अजिंक्यपद शर्यतीत तेरा वर्षांचा एक मोटरसायकल चालक दगावला, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत एका अनुभवी कारचालकाचाही तिथेच शर्यतीत मृत्यू झाला होता. या दोन्ही शर्यती देशातल्या मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाच्या मान्यतेच्या होत्या. अशा बातमीनंतर ट्रॅकच बंद करा अशी भाषा ऐकू येते, आणि तिच्यामागचे दुःख मला कळते. माझा निष्कर्ष मात्र वेगळा आहे. पूर्ण व्यवस्था असूनही जिथे जीव जाऊ शकतो, तिथे अर्धवट व्यवस्थेत दिवस चालवणाऱ्याला थाराच असता कामा नये, आणि जो आयोजक ‘आमच्याकडे काहीच धोका नाही’ असे सांगतो, त्याच्याकडे गाडी घेऊन जाऊ नये.

ब्रिटनमध्ये ही निवड करण्याची संधी मला मिळते, कारण इथे एकाच सर्किटवर वेगवेगळे आयोजक वेगवेगळ्या दिवशी येतात. ब्रँड्स हॅच, औल्टन पार्क, स्नेटर्टन, कॅडवेल पार्क ही सर्किटे मोटरस्पोर्ट व्हिजन या कंपनीच्या मालकीची आहेत. ती स्वतःही ट्रॅक डे घेते आणि इतरांनाही सर्किट भाड्याने देते. आयोजकांची स्वतःची एक संघटनाही आहे. त्यामुळे तेच डांबर, तीच वळणे, तेच संरक्षक कठडे, आणि तरीही एक दिवस शिस्तीत जातो व दुसरा जीव मुठीत धरून काढावा लागतो, असा अनुभव येतो. तो घेतला की फरक कुठून पडतो हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

फरकाची पहिली खूण सकाळच्या ब्रीफिंगमध्ये, म्हणजे गाड्या सोडण्याआधीच्या सूचना-बैठकीत दिसते. चांगल्या आयोजकाकडे ब्रीफिंगला हजर राहिल्याशिवाय मनगटावर पट्टी बांधत नाहीत, आणि पट्टी नसेल तर पिट लेनच्या, म्हणजे गॅरेजांसमोरून ट्रॅकवर जाणाऱ्या मार्गिकेच्या, तोंडाशी उभा असलेला माणूस गाडी पुढे सोडत नाही, मग ती गाडी कितीही महाग असो आणि चालक किती वर्षे येत असो. उशिरा आलेल्यांना बाजूला घेऊन सगळे पुन्हा सांगितले जाते. झेंडे एकेक करून दाखवले जातात: पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा आणि कोणालाही मागे टाकू नका, लाल म्हणजे सत्र थांबले, आरशात पाहत सावकाश पिटमध्ये या, काळा म्हणजे तुमच्याशीच बोलायचे आहे, पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्ता निसरडा झाला आहे. लाल झेंडा दिसताच करकचून ब्रेक मारू नका, मागून येणाऱ्याने तो अजून पाहिलेला नसेल, हे वाक्य ज्या ब्रीफिंगमध्ये येते तिथे बोलणाऱ्याने खरोखर दिवस चालवलेले आहेत हे ओळखावे. एका आयोजकाकडे मी याच्या अगदी उलट पाहिले. गॅरेजमध्ये इंजिने सुरू असताना, निम्म्या लोकांना ऐकू जात नसताना, घाईघाईने चार वाक्ये सांगून गाड्या सोडल्या गेल्या. त्या दिवशी पहिल्या तासातच दोन गाड्या एकाच वळणावर एकमेकींना घासल्या, आणि दोन्ही चालकांना ओव्हरटेक कोणत्या बाजूने करायचा हेच नीट ठाऊक नव्हते.

ओव्हरटेकचा नियम हा तर सगळ्या दिवसाचा कणा आहे. ठरवून दिलेल्या एकाच बाजूने, सरळ रस्त्यावर, ब्रेक दाबायच्या जागेच्या आधी, आणि पुढच्या चालकाने आरशात पाहून संमती दिल्यावरच पुढे जायचे. अंगात ताकद असलेली गाडी मागे अडकते, चालक चडफडतो, आणि आयोजकाचे चारित्र्य इथेच कळते. चांगला आयोजक एकदा समज देतो, मग काळा झेंडा दाखवून बोलावतो, आणि तरीही न ऐकणाऱ्याला गाडी ट्रेलरवर चढवायला सांगतो. शुल्क परत मिळत नाही. आपल्याकडे ओळखीपाळखीच्या बळावर असा निर्णय फिरवला जाण्याची भीती मला वाटते. ‘हे आपलेच आहेत, जाऊ द्या’ हे वाक्य ट्रॅकवर फार महागात पडते.

यामागचे अर्थकारणही समजून घेतले पाहिजे. सर्किटचे भाडे ठरलेले असते, म्हणून आयोजकाची कमाई किती गाड्या घेतल्या यावर अवलंबून राहते. गाड्यांची संख्या मर्यादित ठेवणे, प्रशिक्षक जास्त नेमणे, नवख्यांसाठी वेगळे सत्र राखणे, बेशिस्त ग्राहकाला घरी पाठवणे, यांतला प्रत्येक निर्णय त्याच्या खिशाला लागतो. त्यामुळे सर्वांत स्वस्त दिवस पाहून हुरळून जाण्याआधी एका वेळी ट्रॅकवर जास्तीत जास्त किती गाड्या असतील, हे विचारावे. उत्तरात ठाम आकडा आला नाही, तर पुढचे विचारायची गरज नाही.

एका उन्हाळी दुपारी एक गाडी कठड्यावर आदळली. चालक स्वतःच्या पायांनी उतरला होता, पण मान दुखत असल्याने त्याला रुग्णवाहिकेतून रुग्णालयात नेण्यात आले. गाडी ओढून नेली, सांडलेले तेल मार्शलांनी, म्हणजे ट्रॅकवरच्या सुरक्षा-मदतनीसांनी, पावडर टाकून झाडून काढले, रस्ता मोकळा झाला, आणि तरीही ट्रॅक उघडला नाही, कारण दुसरी रुग्णवाहिका येईपर्यंत एकही चाक फिरणार नाही असे आयोजकाने सांगितले. लख्ख ऊन, वर्षातून मोजकेच मिळतात असे हवामान, रांगेत उभ्या असलेल्या गाड्या आणि वैतागलेली माणसे. तो प्रत्येक गॅरेजपाशी जाऊन कारण सांगत होता, आणि वाया जाणाऱ्या वेळेबद्दल कोणी आवाज चढवला तरी शांतपणे तेच कारण पुन्हा सांगत होता. त्या आयोजकाकडे मी आजही सर्वांत आधी नाव नोंदवते, ते या दुपारमुळे. रुग्णवाहिका आहे का, हा प्रश्न आपल्याकडेही विचारला जातो आणि त्याला ‘आहे’ असे उत्तर मिळते. ती रुग्ण घेऊन गेली तर पुढे काय, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. तिच्यासोबत असलेल्या माणसांना हेल्मेट न हलवता मान धरून जखमीला गाडीबाहेर काढण्याचे प्रशिक्षण आहे का, हेही विचारायला संकोच करू नये.

कागदपत्रांचे आता सांगते. सकाळी सही करायला लावतात त्या हमीपत्राने आयोजकाची जबाबदारी संपते, असा समज दोन्ही देशांत आढळतो. इंग्लंडमध्ये १९७७ च्या कायद्यापासून एवढे स्पष्ट आहे, की निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी व्यवसाय करणाऱ्याला कराराने झटकता येत नाही, आणि २०१५ च्या ग्राहक कायद्यात तेच तत्त्व कायम आहे. या तरतुदीमुळे आयोजकाला कागदापेक्षा व्यवस्थेवर भर द्यावा लागतो, असे माझे मत आहे. विम्याची बाजू मात्र इथेही चालकालाच पाहावी लागते, कारण नेहमीच्या पॉलिसीत ट्रॅक डे सहसा धरलेला नसतो आणि एका दिवसाचा वेगळा विमा घ्यावा लागतो. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत संघटित शर्यत, पेस मेकिंग (इतरांना वेग ठरवून देत पुढे गाडी चालवणे), वेगचाचणी आणि विश्वसनीयता चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. त्यामुळे ट्रॅकवर गाडी ठोकली तर भरपाई मिळेल असे धरून चालू नये. कठडा मोडला तर त्याचे पैसे कोण देणार, हेही नोंदणीच्या वेळीच लेखी सांगणारा आयोजक विश्वासाचा.

ब्रिटनमधले सगळेच उचलून आणावे असे मी म्हणणार नाही. इथे ‘ओपन पिट लेन’ पद्धत फार लोकप्रिय आहे, म्हणजे दिवसभर ट्रॅक खुला, वाटेल तेव्हा जा आणि वाटेल तेव्हा या. अनुभवी माणसाला ती सोयीची पडते. पण नवखा चालक तिच्यात शर्यतीसाठी सजवलेल्या गाड्यांच्या मध्ये सापडतो. अनुभवानुसार गट पाडून वीस-वीस मिनिटांची सत्रे घेण्याची पद्धत आपल्यासाठी अधिक योग्य आहे, कारण आपल्याकडे येणाऱ्यांत पहिल्यांदाच ट्रॅक पाहणारे पुष्कळ असणार. मात्र गट कोणी ठरवायचा? चालकाने अर्जात स्वतःला ‘अनुभवी’ म्हटले की त्याला वरच्या गटात टाकणे, ही इथल्याही अनेक आयोजकांची उणीव आहे. ज्याचे प्रशिक्षक पहिल्या सत्रात उभे राहून पाहतात आणि दुसऱ्या सत्राआधी माणसे खालच्या किंवा वरच्या गटात हलवतात, तो आयोजक मला पसंत पडतो. आवाजाच्या मर्यादेबाबत मात्र इथला काटेकोरपणा आपण घ्यावा. एक्झॉस्टपासून अर्ध्या मीटरवर यंत्र धरून गाडीचा आवाज मोजतात, अनेक सर्किटांवर १०५ डेसिबलच्या वर गेलेल्या गाडीला परत पाठवतात, आणि शेजारच्या गावांशी झालेला हा समझोता पाळला जातो म्हणूनच ही सर्किटे टिकून आहेत.

घरी कोणी ट्रॅक डेला जायचे म्हणत असेल, तर माझा आग्रह एवढाच आहे की पहिल्यांदा गाडी न नेता जा. आयोजकाला आधी कळवा. प्रेक्षक म्हणून येऊ देण्यास जो खळखळ करतो, त्याला तिथेच सोडा. सकाळी ब्रीफिंगच्या खोलीत मागे उभे राहा, मग पिट लेनच्या तोंडाशी जाऊन कोणाला अडवले जाते ते पाहा. गाडी ओढण्याचा हूक बसवला आहे का, बॅटरी घट्ट आहे का, आत सुटे सामान राहिले आहे का, हे कोणी वाकून पाहते का, तेही टिपा. आणि दुपारी निघून येऊ नका, शेवटच्या तासापर्यंत थांबा. तोवर चालक थकलेले असतात, ब्रेक तापलेले असतात, टायर उतरलेले असतात, आणि प्रत्येकाला आणखी एक फेरी हवी असते. त्या तासात आयोजकाची माणसे सकाळसारखीच दारात उभी राहून चालकांशी बोलत आहेत की शंकू आणि झेंडे गाडीत भरायला लागली आहेत, ते पाहा आणि मगच नाव नोंदवायचे की नाही ते ठरवा.