काळी सिगार खर्ऱ्याला पर्याय नाही

‘काळी सिगार : शौक राजाचा, अपाय कुणाचा नाही’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या नागपुरातल्या व्हॉट्सॲप गटांतून फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : सिगार जितकी काळी तितकी ती कडक आणि अस्सल, तिच्यात कागद नाही, रसायने नाहीत, निव्वळ पान आहे, धूर छातीत ओढायचा नसतो, म्हणून अपाय होत नाही, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल ती ओढत नव्वद वर्षे जगले, तेव्हा ज्याचा खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना यांचा घोटा, सुटत नसेल त्याने रोज जेवणानंतर एक सिगार ओढावी. असल्या संदेशांकडे मी एरवी ढुंकूनही पाहत नाही. पण हा माझ्या आतेभावाने वाचला, त्याला तो पटला, आणि चांगली सिगार धरमपेठेत मिळेल की सदरला, हे त्याने मलाच विचारले.

रंगाचा दावा लवकर निकालात निघतो. गडद सिगारला ‘मदुरो’ म्हणतात, आणि तिचा काळेपणा बाहेर गुंडाळलेल्या एका पानाचा असतो. जाड पानांचे मोठे ढीग रचून ती दीर्घकाळ आंबवली जातात. ढीग आतून तापतो, अमोनियाचा उग्र वास सुटतो, आणि ढीग वरखाली करत करत पानाचा रंग गडद तपकिरीवरून काळ्याकडे झुकतो. कडकपणा मात्र मुख्यतः आतल्या भरणावर ठरतो, विशेषतः रोपाच्या शेंड्याकडच्या ‘लिगेरो’ पानांच्या प्रमाणावर. त्यामुळे काळी पण सौम्य आणि फिकी पण डोके गरगरवणारी, अशा दोन्ही सिगारी असतात. चवीबद्दल संदेशात लिहिलेले मी नाइलाजाने मान्य करतो : कोको, भाजलेली कॉफी, सुकामेवा यांची आठवण करून देणारी गोडसर छटा अशा सिगारीत खरोखर असते. मात्र कडक भरणाची सिगार रिकाम्या पोटी ओढणाऱ्याला अर्ध्यावरच घाम फुटतो आणि मळमळू लागते, हा अनुभव त्यात गाळला आहे. ती निकोटीनची विषबाधाच असते.

‘निव्वळ पान’ हा युक्तिवाद तर हास्यास्पद आहे, कारण तंबाखूचे पानच मुळात अपायकारक आहे. ते वाळवताना आणि आंबवताना त्यात नायट्रोसामाइन नावाची कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. म्हणजे ज्या प्रक्रियेचे संदेशात कौतुक आहे, तिच्यातच ती निपजतात.

आता मुख्य मुद्दा, धूर छातीत न ओढण्याचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1998 साली केवळ सिगारवर एक सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातली माहिती संदेश लिहिणाऱ्याने चाळली असती तरी पुरे होते. एका मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. सिगारेटमध्ये सरासरी 8 मिलिग्रॅमच्या आसपास निकोटीन असते, तर सिगारीत साधारणपणे 100 ते 200 मिलिग्रॅम. ते सगळे शरीरात जात नाही, हे खरे. पण जे जाते ते जाण्यासाठी फुप्फुसाची गरज लागत नाही. सिगारचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अल्कधर्मी असतो आणि अशा धुरातले निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरते. खर्ऱ्यात अल्कधर्मी चुना याचसाठी घोटतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. धूर न ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगारेटवाल्यापेक्षा कमी असतो, एवढे अर्धसत्य त्या दाव्यात आहे. परंतु रोज सिगार ओढणाऱ्यांत तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांच्या जवळपास जातो, हेही त्याच संस्थेचे सांगणे आहे. ओठ, जीभ, टाळू आणि घसा यांना धूर लागतोच, मग तो छातीत जावो वा न जावो.

चर्चिल यांच्याबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. त्यांचे नाव घेणाऱ्याने मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांचेही घ्यावे : सिगारचे तेही निस्सीम भक्त होते, 1923 साली त्यांच्या तोंडात कर्करोग आढळला, आणि 1939 साली मृत्यू येईपर्यंत त्यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

राहिला खर्रा, आणि खरा संताप इथेच आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून पन्नीत बांधलेला हा प्रकार विदर्भात कुणाला नवा नाही. त्यातल्या सुपारीने गालांच्या आतली त्वचा कडक होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. माझ्या आतेभावाच्या तोंडात आज तीन बोटे उभी जात नाहीत, दोन कशीबशी जातात. तिखट वऱ्हाडी रस्सा त्याला आता सोसत नाही, भाकरी तो चुरून खातो. सुपारीमुळे होणाऱ्या या विकारात पुढे कर्करोग होण्याची शक्यता आधीच वाढलेली असते. अशा तोंडात रोज तासभर गरम, अल्कधर्मी, नायट्रोसामाइनयुक्त धूर घोळवण्याचा सल्ला ‘पर्याय’ म्हणून देणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. शिवाय निकोटीनची तलफ तशीच राहते, त्यामुळे दुपारी खर्रा आणि रात्री सिगार असे दोन्ही चालू होण्याचीच शक्यता अधिक.

आतेभावाला मी सिगारच्या दुकानाऐवजी शासकीय दंत महाविद्यालयाचा पत्ता दिला आहे, आणि तंबाखू सोडण्यासाठी असलेल्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा 1800-11-2356 हा निःशुल्क क्रमांकही. तो संदेश ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी त्याच गटांत हा क्रमांकही पाठवावा.