परक्या देशाचं सम्राटपद : इच्छुकांसाठी मार्गदर्शन

परवा लग्नाच्या पंगतीत युरोप टूर करून आलेले एक दूरचे काका शेजारी बसले. मठ्ठा येईपर्यंत त्यांनी मोबाइलवर ट्रिएस्टजवळचा मिरामारे राजवाडा सगळ्या बाजूंनी दाखवला आणि जिलबी मोडत म्हणाले, "इथला मॅक्सिमिलियन मेक्सिकोचा सम्राट झाला होता. काय सज्जन माणूस! लोकांचीच लायकी नव्हती हो. आपल्याकडेही बाहेरून असा कोणीतरी आणून बसवायला पाहिजे." आसपासच्या माना डोलल्या. म्हणजे मागणी आहे तर. तेव्हा इच्छुकांच्या सोयीसाठी चार गोष्टी.

आधी धाकटे म्हणून जन्माला या. थोरला भाऊ ऑस्ट्रियाचा सम्राट म्हणून व्हिएन्नाच्या गादीवर ठाण मांडून बसलेला हवा, आणि तुमच्या हातची उत्तर इटलीतल्या लोंबार्दीची सुभेदारी 1859 मध्ये गेलेली हवी.

देश निवडताना तो बघायला जाऊ नका.

जनतेचा कौल मात्र जरूर मागा, तत्त्वाचा प्रश्न आहे. मॅक्सिमिलियननेही मागितला. फ्रान्सचा सम्राट नेपोलियन तिसरा याच्या फौजेने जी गावं ताब्यात होती तिथून तो गोळा करून दिला. कौल घेणाऱ्याच्या खांद्यावर बंदूक असली की एकमत लवकर होतं.

बोटीवर वेळ जात नसेल तर दरबारी शिष्टाचारांची नियमावली लिहा. 1864 च्या मे महिन्यात मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ बंदरात उतरल्यावर रस्ते ओस दिसले तरी कोणी कुठे उभं राहायचं हे ठरलेलं असतं.

ज्यांनी बोलावलं त्यांना दुखवा. चर्चच्या जमिनी परत मिळतील म्हणून पाद्री आणि सनातनी मंडळींनी सम्राट मागवला, तर त्याने मेक्सिकोचा प्रजासत्ताकवादी अध्यक्ष हुआरेझ याचेच, चर्चच्या जमिनी काढून घेणारे सुधारणेचे कायदे कायम ठेवले. इतकं चांगलं केल्यावर हुआरेझ तरी आपल्याकडे येईल असं वाटलं. तो आला नाही.

आता पैसा. हुआरेझच्या सरकारने 1861 मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते दोन वर्षं थांबवले, म्हणून वसुलीला फौजा आल्या. इंग्रज आणि स्पॅनिश 1862 मध्येच परतले, फ्रेंच राहिले. आणि वसुली कशी? नेपोलियनशी झालेल्या मिरामारेच्या तहात नव्या सम्राटाने कबूल केलं, की फ्रेंच स्वारीचा आजवरचा खर्च 27 कोटी फ्रँक मेक्सिको देईल आणि पुढे दर शिपायामागे वर्षाला 1000 फ्रँक. आपल्यावर चालून आलेल्या फौजेचं बिल आपणच भरायचं! भरायला पैसे नाहीत म्हणून फ्रान्समधूनच आणखी कर्ज काढायचं, तेही तिथल्या किरकोळ लोकांना रोखे विकून! वसईच्या तहातली तैनाती फौज आपण शाळेत घोकली ती कशासाठी, मार्कांसाठी? बरं, फौज राहिली असती तर एक वेळ ठीक. तहाप्रमाणे 1867 मध्ये 20 हजार फ्रेंच शिपाई असायला हवे होते. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, वॉशिंग्टनने डोळे वटारले, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये शेवटची फ्रेंच तुकडी बोटीत चढली. पाठीराखा म्हणे!

अशा वेळी बायकोला युरोपात विनवण्या करायला पाठवतात. कार्लोटा 1866 मध्ये पॅरिसला गेली, मग पोपकडे रोमला, आणि तिथेच तिचं मन ढळलं. 1927 पर्यंत जगली बिचारी. तिच्याबद्दल थट्टा सुचत नाही.

पण त्याच्याबद्दल 'बिचारा' म्हणू नका. 3 ऑक्टोबर 1865 च्या त्याच्या हुकमाप्रमाणे सशस्त्र टोळीत सापडलेल्याला 24 तासांत गोळ्या घालायच्या होत्या. हुआरेझ देश सोडून गेला असं त्यात ठोकून दिलं होतं, आणि तो तर देशातच, उत्तर सीमेवर होता. त्याच महिन्यात उरुआपानला आर्तेगा आणि सालाझार या हुआरेझच्या सेनापतींना उभं करून मारलं. हा तुमचा सज्जन माणूस. 19 जून 1867 ला केरेतारोच्या टेकडीवर हुआरेझच्या शिपायांनी त्याच्यासमोर बंदुका रोखल्या तेव्हा माफीसाठी युरोपातून फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोही लिहीत होता. उरुआपानसाठी तिकडचे किती राजे लिहायला बसले?

आणि लायकी कोणाची काढता हो? झापोतेक आदिवासी घरातल्या, लहानपणीच पोरक्या झालेल्या हुआरेझ नावाच्या वकिलाच्या मागे उभं राहून त्या लोकांनी युरोपातल्या बलाढ्य फौजेला पाच वर्षं झुंजवलं आणि आपलं सरकार राजधानीत परत आणलं. तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला कोरम भरत नाही.