पिल्लू गोड आहे, पण पुढचं काय?
झूमध्ये गेंड्याला पिल्लू झालं वाचून बरं वाटलं, फोटो तर मस्तच, आमच्या पोरीने चारदा झूम करून त्याचे कान बघितले. गेंडीण जवळपास १६ महिने पोटात वागवते आणि होतं एकच, म्हणजे कौतुक हवंच. पण खरं काम जंगलात आहे हो. शंभर वर्षांपूर्वी एकशिंगी गेंडे अगदी मोजके उरले होते आणि २०२२ च्या गणतीत आसामच्या एकट्या काझीरंगा अभयारण्यात २६१३ भरले, ते रात्रभर गस्त घालणाऱ्या गार्ड लोकांमुळे. शिकारी मारतात कशासाठी तर शिंगासाठी, जे आपल्या नखाच्याच जातीचं असतं!

आमच्या इकडे कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर कासवांचं तसंच, आधी अंडी माणसं न्यायची नाहीतर कोल्हे उकरायचे, आता गावातलेच लोक ती जाळीच्या आत पुरतात आणि सकाळ-संध्याकाळ वर झाकलेली टोपली उचलून बघतात पिल्लं वर आली का. गेल्या मार्चमधे अर्धा तास उकिडवे बसून एकच पिल्लू लाटेपर्यंत पोचलेलं बघितलं, पाय सुन्न झाले पण हललो नाही. तर झूचं तिकीट काढा जरूर, पण शंभर-दोनशे रुपये काझीरंगातल्या त्या गार्ड लोकांच्या बूट-रेनकोटसाठी पण पाठवा, ब्रह्मपुत्रेला पूर आला की गेंडे उंचावर जातात, ड्युटी मात्र चालूच असते.